आषाढीच्या कार्यक्रमाचं निवेदन करताय? या चुका टाळा

मागे एका निवृत्तीसमारंभात एका हौशी गायकाने ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ म्हटलं. आवाज छान, टाळ्याही पडल्या. मग पुढची ओळ आली, ‘तुमची आमची हे चि भेटी, येथुनियां जन्मतुटी’, आणि सत्कारमूर्तींच्या सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. इथून जन्माची ताटातूट, असं तुकोबा म्हणताहेत. परंपरेने हा अभंग त्यांच्या वैकुंठगमनाच्या वेळचा मानला जातो. साहेब फक्त पेन्शनीत निघाले होते.

आषाढी जवळ आली की सोसायटीत, शाळेत, ऑफिसात अभंगांचा कार्यक्रम ठरतो आणि निवेदनाची वही आपल्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात पडते. गाणी सगळ्यांना तोंडपाठ असतात. म्हणूनच ती कुणाची, कशाबद्दलची, हे कुणी बघत नाही.

पहिली आणि सर्वात जास्त होणारी चूक: विठ्ठलाचं गाणं दिसलं की ‘संतश्रेष्ठ म्हणतात’ करून मोकळं होणं. ‘इंद्रायणी काठी’ भीमसेनजींच्या आवाजात ऐकताना ते सातशे वर्षांपूर्वीचं वाटतं खरं, पण ते गदिमांचं आहे, १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातलं. ‘कानडा राजा पंढरीचा’ही गदिमांचंच, १९७० सालच्या चित्रपटातलं. यात गदिमांचा कमीपणा नाही, उलट त्यांच्या लेखणीची कमाल आहे. पण मग श्रेय त्यांना द्या की!

ओळखायचं कसं? शेवटचा चरण वाचा. तिथे बहुतेक वेळा नाममुद्रा सापडते: ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. ज्ञानदेवांपाशी मात्र पुष्कळजण फसतात, कारण ते ‘ज्ञानदेव म्हणे’ शोधत बसतात आणि माउलींच्या कितीतरी रचनांत मुद्रा असते ‘बापरखुमादेवीवरु’, म्हणजे रखुमादेवीचा वर, बाप विठ्ठल. ‘मोगरा फुलला’चा शेवट बघा: मनाच्या गुंत्यात गुंफलेला शेला या बापरखुमादेवीवराला अर्पण केलाय. लग्नाच्या व्हिडिओला हे गाणं लावणाऱ्यांना शेवटपर्यंत ऐकायला वेळ नसतो, एवढंच. गायकही वेळेअभावी शेवटचं कडवं गाळतात. तेव्हा कागदावरचा पूर्ण अभंग बघा, रेकॉर्डिंगवर विसंबू नका.

आता ‘अवघा रंग एक झाला’. या एका गाण्याबद्दल निवेदकांच्या तोंडून मी तीन वेगवेगळ्या चुका ऐकल्या आहेत. रंगपंचमीच्या कार्यक्रमात ते होळीगीत म्हणून आलं. दुसरीकडे ‘किशोरीताईंची रचना’ म्हणून आलं. तिसऱ्या ठिकाणी निवेदकाने संत चोखामेळ्याचं नाव घेतलं, आणि ही चूक मला जास्त लागली, कारण ती अभ्यास करून केलेली होती. शेवटची ओळ आहे ‘म्हणे चोखियाची महारी’. चोख्याचं नाव दिसलं आणि गृहस्थ तिथेच थांबले. पुढचा शब्द बाईचा आहे. ही सोयराबाई, चोखोबांची बायको, आणि अभंग तिचा.

कर्ती कळली की अर्थही बदलतो. ‘मी तूंपण गेलें वायां, पाहतां पंढरीच्या राया.’ विठ्ठलाला पाहताच मी आणि तू हा भेदच उरला नाही, असं जी म्हणते तिला त्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. दलितांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळाला तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. म्हणजे सोयराबाईनंतर सहाशे वर्षांनी. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ म्हणत उलटतपासणी घेणारीही हीच. निवेदनात एवढी दोन वाक्यं आली तरी श्रोता गाणं वेगळ्या कानाने ऐकतो. गुलालाची पिचकारी तिथे शोभत नाही.

बहिणाबाईंचा घोळ तर दरवर्षीचा. ‘ज्ञानदेवें रचिला पाया, तुका झालासे कळस’ हे ज्यांचं मानलं जातं त्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. (ही ओळ तुकोबांच्या नावावर खपवणारेही भेटतात. स्वतःला कळस म्हणवून घेणारा माणूस तो नव्हता.) ‘अरे संसार संसार’वाल्या बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या, १८८० ते १९५१ मधल्या, शेतात राबणाऱ्या कवयित्री. त्यांना ‘संत’ करून टाकलं की त्यांचा तवा, चूल आणि हाताचे चटके सगळं प्रवचन होऊन जातं. तुकाराम आणि तुकडोजी यांचीही अशीच अदलाबदल होते. ‘या झोपडीत माझ्या’ हे विसाव्या शतकातल्या तुकडोजी महाराजांचं.

‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर एका दमात म्हणायचा असतो, पण दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे. त्यांची भेट घडवू नका.

‘घनु वाजे घुणघुणा’ प्रेमगीतांच्या कार्यक्रमात बसवायला हरकत नाही, फक्त ती विराणी आहे हे सांगा. विरहिणी होऊन बोलणारे स्वतः ज्ञानदेव आहेत, आणि ज्याची वाट पाहिली जातेय तो विठ्ठल आहे.

कार्यक्रम संपतो पसायदानाने. तिथे लोक उभे राहायच्या गडबडीत असतात आणि निवेदकही भरात येऊन ‘दुष्टांचा संहार होवो’ असं काहीतरी ठोकून देतो. मूळ ओवी आहे ‘जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो’. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. तो गळून पडावा आणि त्याच खळांना सत्कर्माची गोडी लागावी, असं मागणं आहे. खळ मरत नाही, सुधारतो.

आणि स्टेजवर उभं असतानाच शंका आली तर? संताचं नावच घेऊ नका. गायकाचं नाव सांगा, संगीतकार नक्की माहीत असेल तर त्याचं सांगा, आणि माइक सोडा.