आधी देवनागरीत लिहा, मग स्पॅनिशमध्ये

मी ठाण्यात संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. आज्ञार्थ सुरू झाला की फळ्यावर एक चूक हमखास होते. 'बुस्कार' म्हणजे शोधणं. त्याचं आदरार्थी 'शोधा' करताना मुलं बी-यू-एस-सी-ई लिहितात. मी म्हणते, आता वाचा. वाचलं की होतं 'बुसे'. क गेला कुठे?

म्हणून माझ्या वर्गात रूप आधी देवनागरीत लिहायचं. आपल्या क ला कुठलीही मात्रा द्या, तो क च राहतो: बुस्को, बुस्का, बुस्के. रोमनमध्ये तसं नाही. (अक्षरांची नावं इथे इंग्रजीतली घेतली आहेत.) सी पुढे ए, ओ, यू आलं तर क, ई किंवा आय आलं तर स, स्पेनच्या बऱ्याच भागांत थ. मग 'के' हवा असेल तर क्यू-यू-ई लिहावंच लागतं. क्रियापद बदललेलं नसतं, त्याचा आवाज सांभाळायला अक्षर बदलतं.

रूप करायचं असं: 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा ओ काढा. मूळ क्रियापद 'आर'नं संपत असेल तर ई लावा, 'एर' किंवा 'इर'नं संपत असेल तर ए. 'पागार' (पैसे देणं): पागो, पागे. इथे जी-ई लिहिलंत तर घशातला ख येईल, म्हणून मध्ये यू. 'एम्पेसार' (सुरू करणं): एम्पिएसो, एम्पिएसे. आवाज तोच, पण झेडपुढे ई स्पॅनिशला सहसा चालत नाही, म्हणून सी. उलटीकडून 'सेगीर' (पुढे जाणं) पाहा. त्यातला यू फक्त ग वाचवायला होता; 'सिगा'मध्ये पुढे ए आला, यू गळाला. 'रेकोखेर' (उचलणं, गोळा करणं) मध्ये ख टिकवायला जी चा जे होतो: रेकोखा.

हे सगळं 'उस्तेद' (आदरार्थी तुम्ही), 'उस्तेदेस' (त्याचं अनेकवचन) आणि 'आपण शोधू या'साठी: बुस्के, बुस्केन, बुस्केमोस. मैत्रिणीला 'शोध' म्हणताना मात्र साधं 'बुस्का'. सी पुढे ए आहे, क सुखरूप आहे, हात लावू नका. निम्म्या चुका मला इथेच दिसतात. नियम नवा शिकलेला असतो, म्हणून तो सगळीकडे लावला जातो.

सरावाला पत्ता सांगा: 'क्रुसे ला काये, सिगा देरेचो', रस्ता ओलांडा, सरळ जा. फोनवरचं 'मार्के उनो' म्हणजे एक दाबा. पाककृतीतलं 'आग्रेगे साल' म्हणजे मीठ घाला. ऐका, देवनागरीत उतरवा, मग स्पॅनिश अक्षरांत लिहा.

'ते शोधा' म्हणताना 'लो' मागे चिकटतो: बुस्केलो. शब्द लांबला तरी जोर 'बुस्'वरच राहतो, म्हणून त्या यू वर तिरकी रेघ द्या. 'पागेलो'मध्ये ती 'पा'तल्या ए वर.