लोकलमध्ये वायए वाचायचं आणि त्यावर रिव्ह्यू लिहायचा, मी कसं करते ते

मी चौतीस वर्षांची आहे, डोंबिवली ते सीएसएमटी रोजचं जाऊन-येऊन अडीच तास लोकल, आणि त्या अडीच तासात मी काय वाचते तर सतरा वर्षांच्या मुली तलवारी घेऊन राजवाडे जाळतायत आणि मधल्या वेळात शत्रूच्याच मुलाच्या प्रेमात पडतायत. शेजारी बसलेल्या काकू एकदा मुखपृष्ठावरचा ड्रॅगन बघून म्हणाल्या, मुलांसाठी घेतलंस का गं? म्हटलं हो. (मुलं नाहीत मला.) तर वायए म्हणजे यंग अ‍ॅडल्ट, किशोरवयीन मुलामुलींसाठीची पुस्तकं, त्यातल्या रोमान्स आणि फँटसीवर मी बरीच वर्षं रिव्ह्यू लिहितेय आणि सुरुवात कशी करू हे कुणी ना कुणी विचारत असतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे हातात पेन्सिल. अधोरेखित करायला नाही हं, छान छान वाक्यांखाली रेघा मारून रिव्ह्यू होत नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी काय करते, वाचता वाचता ज्या ओळीवर माझी मान वर गेली, म्हणजे खिडकीबाहेर बघितलं, मोबाईल काढला, समोरचीच्या टिफिनमध्ये डोकावले, त्या ओळीशेजारी तेव्हा जे स्टेशन आलं असेल ते लिहिते. ठाणे. घाटकोपर. कुर्ला. बस, एवढंच. पुस्तक संपल्यावर नुसती पानं चाळली की दिसतं, ४० ते ७० मध्ये ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर सगळी आलीयत, म्हणजे गाडी फास्ट आणि गोष्ट सिग्नलला उभी. आणि १८० पासून २५० पर्यंत एकही स्टेशन नाही, तिथे पुस्तकाने धरून ठेवलंय. एका पुस्तकात तर परतीच्या प्रवासातलं शेवटचं स्टेशन कल्याण लिहिलंय, उतरायचं डोंबिवलीला होतं. त्याला पाच स्टार दिले, अजून काय करणार. फोनवर किंवा किंडलवर वाचत असाल तर तिथे नोट टाकता येते, पण एकच शब्द टाका, निबंध लिहायला बसलात की वाचनच तुटतं.

पण नुसतं 'मध्ये बोअर झालं' लिहून भागत नाही, मान का वर गेली ते शोधायचं, खरं काम तेच आहे. फँटसीत बऱ्याचदा पहिल्या शंभर पानांत हे होतं. सात घराणी, तीन देव, एक शापित जंगल, आणि हे सगळं एक पात्र दुसऱ्याला समजावून सांगत बसतं, जे दोघांनाही लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे मी दादरला उभी राहून एखाद्या दादरकराला सांगावं की हे बघ, इथे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी मिळतात. कोण बोलतं असं? चांगली लेखिका तेच जग कामातून दाखवते, नायिका बाजारात जाते, मीठ घेताना हात बाहीत लपवते, आणि आपल्याला कळतं की हातावर खूण असलेल्यांना इथे मीठ विकत नाहीत. असं काही सापडलं की पान नंबर टिपून ठेवा, रिव्ह्यूत हेच एक उदाहरण दहा विशेषणांचं काम करतं.

जादूबद्दल माझी एक सवय आहे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोन प्रश्न लिहून ठेवते, या जादूला काय जमत नाही, आणि ती वापरली की काय मोजावं लागतं. अर्ध्या पुस्तकापर्यंत दोन्ही समोर काहीच लिहायला मिळालं नाही तर समजायचं की शेवटच्या लढाईत नायिकेच्या तळहातातून अचानक प्रकाश निघणार आणि सगळं आटोपणार. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये एका निबंधात हाच मुद्दा नियमासारखा मांडला होता, जादूने संकट सोडवायचं तर ती जादू वाचकाला आधी तेवढी समजलेली पाहिजे. आणि हो, पुढे नकाशा असेल तर त्यावरही पेन्सिल फिरवा, नायिका कुठून कुठे गेली. तीन दिवसांचा घोड्याचा रस्ता परत येताना एका रात्रीत कसा संपला, हे मला नकाशामुळेच दोनदा सापडलंय.

रोमान्सचं जरा वेगळं. इथे 'शेवट आधीच कळला' ही तक्रारच होऊ शकत नाही, प्रेमकथा मध्यवर्ती आणि शेवट आशेचा, हा या प्रकाराचा करारच आहे. वायएमध्ये पात्रं सोळा-सतराची असतात त्यामुळे लग्न-बिग्न नाही, सध्यापुरतं सुखात एवढंच असतं, आणि मला ते जास्त खरं वाटतं. तर कोण कुणाला मिळणार हे सोडा, कसं ते बघा. माझी टेस्ट अशी: त्याचे डोळे, त्याचा जबडा, त्याचे विस्कटलेले केस, ही सगळी वाक्यं बोटाने झाका. मग काय उरतं? तिला त्याच्याबद्दल असं काय माहितीये जे बाकी कुणाला माहीत नाही? उत्तर मिळालं तर प्रेम आहे, नाही मिळालं तर शॅम्पूची जाहिरात आहे. दुसरी जागा म्हणजे पाऊणएक पुस्तक झाल्यावर येणारा गैरसमज. एक फोन केला असता तर मिटला असता असा असेल तर तसं स्पष्ट लिहा, पण दोघांच्या स्वभावामुळेच तो फोन होणार नव्हता असं आधीपासून दिसत असेल तर तो दोष नाही, ते लेखिकेचं कसब आहे.

वयाचा घोळ इथे सगळेच घालतात, मीही घातलाय. अमेरिकेतली वायए ग्रंथपालांची संघटना १२ ते १८ हा वयोगट धरते. म्हणजे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आपण पाहुणे. नायिका अविचारी आहे, पटकन चिडते, आईला खोटं बोलते, यावर स्टार कापायचे नाहीत, सोळाव्या वर्षी आपण काय करत होतो ते आठवायचं. पण माझं वय मी पूर्ण बाजूलाही ठेवत नाही. तीनशे वर्षांचा अमर राजपुत्र आणि सतरा वर्षांची मुलगी, तो तिला सांगतो कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, आणि पुस्तक त्याला काळजी म्हणतंय, हे मला चौतिसाव्या वर्षी दिसतं आणि ते मी लिहिणारच. शिवाय न्यू अ‍ॅडल्ट म्हणून एक वेगळा प्रकार आहे, सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकन प्रकाशनाने २००९ मध्ये एका स्पर्धेसाठी हे नाव वापरलं तिथून ते रुळलं. त्यात पात्रं साधारण अठराच्या पुढची आणि बेडरूमचं दार उघडं. दोन्हींची मुखपृष्ठं मात्र सारखीच, फुलं आणि खंजीर. त्यामुळे रिव्ह्यूच्या शेवटी एक ओळ टाकाच की हे तेरा वर्षांच्या मुलीला द्यायचं की नाही, आणि हिंसा, आत्महत्या वगैरे असेल तर तेही. मला मेसेज येतात त्यात सगळ्यात जास्त हाच प्रश्न असतो, तोही मुलींच्या आयांचा.

(कुणीतरी नेहमी म्हणतं की हे असलं आपल्याकडचं नाही. १८६१ सालची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला काढून बघा म्हणावं. अद्भुतरम्य कादंबरीवर आपले खापरपणजोबा पोसलेत.)

आता माझी फजिती. स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून मी एकदा एका सिरीजचा दुसरा भाग घेतला, दीडशेला, प्लॅस्टिकमध्ये पॅक केलेला. वाचला, आणि जोरदार रिव्ह्यू ठोकला की लेखिकेला घाई झालीय, एका पानावर दोघं भांडतायत आणि पुढच्याच पानावर ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलीये, मधलं काही दाखवलेलंच नाही, वाचकाला काय समजता वगैरे. चाळीसेक लाइक्स पण आले. मग एका मुलीने शांतपणे विचारलं, ताई, तुमच्या पुस्तकात १९२ नंतर कितवं पान आहे? २०९. अख्खा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेली पानं) गायब, सोळा पानं. आणि मी नेमकी त्या सोळा पानांवरूनच लेखिकेला धुतलेलं. पायरेटेड कॉपी होती, नंतर बघितलं तर कव्हरवरची अक्षरं कडेला पुसट झालेली, कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा मजकूर दिसतोय. म्हणून आता आधी पान नंबर चाळून बघते, आणि फूटपाथवर घ्यायचंच असेल तर खरोखरची जुनी, कुणीतरी वाचलेली कॉपी घेते. किंग्ज सर्कलच्या किंवा फाउंटनच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे उभं राहून शोधायला वेळ लागतो पण आतल्या पानावर कुणाचं तरी नाव, वाढदिवसाची तारीख असलं काहीतरी मिळतं. तो रिव्ह्यू मी डिलीट नाही केला, वर चूक लिहून ठेवलीय.

लिहायला बसाल तेव्हा पुस्तक संपून एक रात्र गेलेली असू दे. फँटसीचा शेवट क्लिफहँगर असतो, म्हणजे ऐन उत्कंठेच्या क्षणी तोडलेला, आणि त्या तारेत लिहिलं की सगळंच ग्रेट वाटतं. कथानक चार वाक्यांत, त्याच्या वर नाही, ते पाठराखणीवर, म्हणजे मागच्या कव्हरवर, असतंच. आणि मग ही चूक करू नका: "खूप सुंदर पुस्तक. ओघवती शैली. पात्रं जिवंत वाटतात. नक्की वाचा." हे मायक्रोवेव्ह पाककृतींच्या पुस्तकालाही चालेल. मी असं लिहीन (पुस्तक माझ्या मनातलं आहे, शोधत बसू नका):

"पहिली ऐंशी पानं घराण्यांची नावं पाठ करण्यात जातात, तेवढी सोसा. मग ती दोघं मिठाच्या होडीवर अडकतात आणि तिथून मी ठाण्यापर्यंत मान वर केली नाही. तो तिच्यासाठी जीव वगैरे देत नाही, ती झोपलेली असताना तिच्या वाट्याचं वल्हवतो आणि सकाळी बोलतही नाही, तिला त्याच्या हातावरचे फोड बघून कळतं. जादू कच्ची आहे, शेवटच्या लढाईत नियम बदलतात. दुसरा भाग मी घेईन, पण जादूसाठी नाही."

यात आवडलं-नावडलं दोन्ही आहे आणि कुठे ते आहे, ज्याला जादूच हवीये तो वाचणार नाही, ठीकच आहे.

शब्द मराठी की इंग्रजी यावर डोकं खाऊ नका. ट्रोप (ठरलेला साचा), स्पॉयलर (पुढची गोष्ट आधीच फोडणं), स्लो बर्न (सावकाश फुलणारं प्रेम) हे सगळ्यांना कळतं. पण जिथे आपला शब्द नेमका बसतो तिथे तो वापरा, तो कोपऱ्यात उभा राहून भुवया आवळणारा हिरो असतो ना, त्याला मी घुम्या म्हणते, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्पॉयलरचा माझा हिशोब सोपा: पहिल्या पाव भागातलं आणि पाठराखणीवरचं चालतं, पुढचं नाही. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या भागाचा रिव्ह्यू असेल तर वरच लिहा की आधीचे भाग वाचले नसतील तर इथूनच परत फिरा, कारण कोण जिवंत आहे एवढ्यानेसुद्धा पहिला भाग फुटतो.

स्टार. गुडरीड्स या वाचकांच्या रिव्ह्यूच्या साइटवर अर्धा स्टार देता येत नाही, आणि तिथे दोनचा अर्थ 'ठीक होतं' आणि तीनचा 'आवडलं' असा आहे, पण आपल्याकडे तीन म्हणजे जेमतेम पास. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या साइटवर पाव स्टारपर्यंत जाता येतं. कुठेही द्या, पण तुमच्या लेखी तीन म्हणजे काय ते एकदा कुठेतरी लिहून ठेवा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला मी स्टार देत नाही, कितव्या पानावर आणि का सोडलं ते लिहिते. कधी सोडायचं यासाठी नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा नियम मस्त आहे, पन्नास पानं द्या, आणि तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच. माझ्या आईला हा नियम भयंकर आवडलाय, तिला आता सदतीसच पानं वाचावी लागतात.

प्रकाशकाकडून पुस्तक फुकट आलं असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. अ‍ॅस्की, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी मुंबईतलीच संस्था, तिच्या २०२१ च्या इन्फ्लुएन्सर नियमांप्रमाणे फुकट मिळालेली वस्तूसुद्धा लपवायची नसते, अट घातलेली असो वा नसो. आणि फुकटच्या पुस्तकाला आपोआप अर्धा स्टार जास्त जातो, माझा तरी जातो, म्हणून अशा वेळी मी स्टेशनं परत मोजते.

सगळ्यात शेवटी रिव्ह्यू भाचीला पाठवते, ती पंधरा वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात एकाला मी तीन दिले होते, तिने तेच पुस्तक दोनदा वाचलेलं. तिचा व्हॉइस नोट आला, "अगं मावशी, ती मूर्ख नाहीये, तिला भीती वाटतेय, तू पान ११४ परत वाच ना." वाचलं. मार्जिनमध्ये माझ्याच अक्षरात मुंब्रा लिहिलेलं होतं, आणि मुंब्र्याला त्या दिवशी चढणाऱ्यांच्या रेट्यात मी बहुतेक अर्धं पान न वाचताच उलटलं होतं.