तो काटा, ती शेंग, ते पान: मुलांना घेऊन शरदातली फेरी

चित्रांच्या पुस्तकातल्या शरदात लालपिवळी पानं गळतात. आपल्या ठाण्यात आश्विन-कार्तिकात सगळं हिरवंगार असतं, पानगळीला अजून अवकाश असतो. तेव्हा आहे तेच दाखवा.

सकाळी सातलाच निघा, ऑक्टोबरचं ऊन नंतर सोसत नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे नुसतं बघायचं, ऐकायचं. वेचायचं असेल तर उपवन तलावाचा काठ किंवा सोसायटीचं आवार, तेही खाली पडलेलंच. खाजकुइलीच्या मखमली शेंगा मात्र लांबूनच!

मूल थांबेल तिथे थांबा आणि नाव सांगायची घाई करू नका. मनात दहा आकडे मोजा. ते "पान!" म्हणालं की त्यात एकच शब्द घाला: "हो, खरखरीत पान." पुढच्या वेळी "केवढं खरखरीत पान!" सातवीण फुललेली असेल तर खाली उभं राहून वास घ्या. सुवास, घमघमाट की डोकं उठवणारा दर्प? घरात यावरून भांडण होतं, होऊ द्या. पडलेल्या डहाळीवर एका घोसातली पानं मोजा; दर वेळी सात भरतातच असं नाही.

खरी मजा तो-ती-तेची. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांचं इथेच अडतं, आणि हे नियम सांगून येत नाही, कानावरून जावं लागतं. माझ्या भाचीच्या फ्रॉकला आघाड्याच्या बिया चिकटल्या. "मावशी, ते किडा!" मी चूक काढली नाही. म्हटलं, "तो किडा वाटला होय तुला? ती बी आहे गं. फुकट फिरायला निघालीय." मग एकेक सोडवताना तीच पुटपुटत होती, "ही बी, ही पण बी, या सगळ्या बिया."

घरी आल्यावर वर्तमानपत्रावर तीन ढीग करा: तो काटा, तो दगड, ती शेंग, ती काडी, ते पान, ते फूल. मग एकाचे अनेक: काटे, शेंगा, पानं.

शेवटी आजीला फोन. आजीला आधी पढवून ठेवा, तिने मुद्दाम चुकायचं: "म्हणजे ते शेंग मिळालं वाटतं?"

"अगं आजी, ते नाही, ती!"