सीटमागचं तुटलेलं पॅनल: चिकटवू नका, वितळवून सांधा

पुढच्या सीटच्या पाठीवर मागच्या बाजूने जे प्लास्टिकचं झाकण असतं, ते गावाकडच्या गाडीत लवकर तुटतं. पेरणीच्या दिवसांत डीएपीची ५० किलोची नाहीतर युरियाची ४५ किलोची बॅग डिकीत मावली नाही की मागच्या सीटसमोर उभी राहते, तिच्यावर फवारणीचा पंप टेकतो. पांदण रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात हा सगळा भार त्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या पॅनलवर येतो. मग एकतर मधोमध चीर जाते, नाहीतर खालची क्लिप निखळून कोपरा लोंबायला लागतो.

बहुतेक जण त्यावर झटपट चिकटणारा गोंद सोडतात. पंधरा दिवसांत चीर पुन्हा उघडते. दोष गोंदाचा नसतो. गाडीतली अशी बरीच पॅनलं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी या मेणचट प्लास्टिकची असतात आणि त्याच्यावर साधा गोंद पकडच घेत नाही. ग्लू गनची कांडी तर आपल्याकडे विसराच. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असताना बंद गाडीत तो ६० च्याही पुढे जातो आणि कांडीचा गोंद पुन्हा मऊ पडतो. पीपीला घरी जोडायचा भरवशाचा मार्ग हा: त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून सांधणं आणि आतून स्टीलच्या जाळीचा आधार देणं. हे काम घरी, एका दुपारी होतं.

आधी सीट तपासा, पॅनल नंतर

हेडरेस्ट दोन्ही हातांनी धरून सीटची पाठ मागेपुढे जोरात हलवा. खट् असा आवाज येत असेल, पाठ एका बाजूला कललेली असेल किंवा रिक्लायनरचा, म्हणजे पाठ मागे पाडायचा, खटका नीट अडकत नसेल, तर आतला लोखंडी सांगाडा किंवा खटका बिघडलेला आहे. हे घरी करायचं काम नाही. सांगाड्याला गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात टाके मारून घेऊ नका. अपघातात माणसाला धरून ठेवणारा तोच भाग असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद कमजोर होऊ शकतं. अशी सीट बदलावीच लागते.

दुसरी तपासणी एअरबॅगची. सीटच्या पाठीच्या दाराकडच्या शिवणीवर इंग्रजीत एअरबॅग लिहिलेलं लेबल असेल, तर त्या पाठीत बाजूची एअरबॅग आहे. अशा सीटवर काम करताना गाडी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि किमान १० मिनिटं थांबा. सीटखालच्या पिवळ्या प्लगला हात लावायचा नाही. बाजूची एअरबॅग नसली तरी वायरी असतातच. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण देणारी यंत्रणा बंधनकारक आहे, म्हणून ओढाताण करताना सीटखाली लक्ष ठेवा.

पॅनल काढणं

अर्ध्याअधिक क्लिपा पॅनल काढतानाच मोडतात, म्हणून इथे घाई नको. थंडीच्या सकाळी पीपी कडक आणि ठिसूळ असतं. गाडी तासभर उन्हात ठेवून दुपारी काम करा. उन्हाळ्यात उलट करा, सकाळी सावलीत.

सीट पूर्ण पुढे सरकवा. पॅनलच्या खालच्या काठावर स्क्रू आहेत का ते बोटाने चाचपा. काही गाड्यांत ते छोट्या झाकणीखाली लपलेले असतात. स्क्रू काढल्यावर खालच्या कोपऱ्यात बांबूची कामटी सरकवा. दोन बोटं रुंद, टोकाला पातळ तासलेली कामटी पेचकसापेक्षा चांगली, कारण पॅनलवर ओरखडा येत नाही आणि जास्त जोर दिला तर आधी कामटी मोडते. कामटी जिथे अडते तिथे क्लिप आहे. क्लिपच्या अगदी लगत धरून पॅनल सरळ आपल्याकडे ओढा, तिरकं नाही. टप् असा आवाज आला की पुढच्या क्लिपकडे वळा. खालच्या आणि बाजूच्या क्लिपा सुटल्या की वरची बाजू बहुधा हुकांवर लटकलेली राहते. ती काही गाड्यांत वर ढकलून सुटते, काहींत खाली ओढून. आधी हलका जोर देऊन दिशा ओळखा. मोबाइलच्या टॉर्चने आत पाहिलं तर हुकाचं तोंड कुठे आहे ते दिसतं.

सुटलेले तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी, डब्यात जमवा. क्लिपा सांगाड्यातच अडकून राहिल्या असतील तर पक्कडीने फिरवत काढा.

प्लास्टिक ओळखा

पॅनल उलटं करा. आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांमध्ये प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. इंग्रजीत पीपी किंवा पीपी-टीडी२० असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. टीडी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची भुकटी मिसळलेली आहे. एबीएस, म्हणजे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक, लिहिलं असेल तर रीत वेगळी, ती पुढे दिली आहे.

पाण्यात तुकडा टाकून पाहण्याची एक युक्ती सांगतात: तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. साध्या पीपीला ती चालते, पण २० टक्के टाल्क मिसळलेलं पीपीसुद्धा बुडतं आणि माणूस फसतो. कोरलेलं नाव हाच खरा पुरावा. नाव झिजलं असेल तर आतल्या रिबचा, म्हणजे मजबुतीसाठी असलेल्या उभ्या पट्टीचा, तांदळाएवढा कण चिमट्यात धरून मोकळ्या जागी पेटवा. विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास आला तर पीपी. जळताना काजळीचा काळाकुट्ट धूर निघाला तर एबीएस.

सामान

६० वॅटचा, चपट्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न. चहाच्या जुन्या गाळणीची स्टेनलेस स्टीलची जाळी. साध्या लोखंडी जाळीला युरियाच्या बॅगांच्या संगतीत गंज चढतो. ३ मिमीचं ड्रिल, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट, कागदी चिकटपट्टी, एक फरशीचा तुकडा. नव्या क्लिपा घेताना जुनी सोबत न्या. मान किती जाड आणि डोकं केवढं हे जुळलं पाहिजे, नुसता रंग जुळून उपयोग नाही. मोजून गरजेपेक्षा दोन जास्त घ्या.

भरणीसाठी पीपीच लागतं. कबाड्याकडे तुटलेल्या बंपरचा तुकडा मागा. बहुतेक बंपर पीपीच्या मिश्रणाचे असतात, तरी मागे कोरलेलं नाव वाचून घ्या. त्यातून ४–५ मिमी रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. घरातली फुटकी बादली घ्यायची असेल तर बुडाचा त्रिकोण बघा. आत ५ असेल तर पीपी, चालेल. २ असेल तर ते वेगळं प्लास्टिक, एचडीपीई. ते वितळून पॅनलवर बसल्यासारखं दिसतं, पण गार झाल्यावर नखाने सोलून निघतं.

आणखी एक, व्होल्टेज. संध्याकाळी मोटारी सुरू असताना लाइन १८० व्होल्टवर आली असेल, तर ६० वॅटचा आयर्न जेमतेम ३७ वॅटची उष्णता देतो. प्लास्टिक वरवर मऊ होतं, आत मुरत नाही. व्होल्टेज चांगलं असतानाच कामाला बसा.

चीर सांधणं

पॅनल साबणाच्या पाण्याने धुवा. काळ्या मातीची बारीक धूळ आतल्या रिबमध्ये बसलेली असते, जुना टूथब्रश वापरा. वाळल्यावर चिरेच्या दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा, कारण डॅशबोर्ड पॉलिशचा तेलकट थर राहिला तर सांधा धरत नाही.

चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडा. ही पायरी लोक गाळतात आणि नेमकी तिथूनच चीर पुढे पळते. गोल भोकात ताण चहूकडे वाटला जातो, चिरेच्या टोकदार शेवटावर तो साचतो.

दर्शनी बाजूने चिरेचे काठ जुळवून चिकटपट्टी लावा आणि पॅनल फरशीवर पालथं टाका. सगळं काम आतल्या बाजूने. आधी आयर्नच्या कडेने दर २–३ सेंटीमीटरवर दोन्ही काठ वितळवून एक टाका द्या, म्हणजे काठ हलणार नाहीत. मग टाक्यांच्या मधे चिरेवरून इंग्रजी व्हीसारखी चर पाडा, खोली पॅनलच्या जाडीच्या निम्मी. त्याहून खोल गेलात तर पुढून फोड उठलेला दिसतो.

आता जाळीची दीड-दोन सेंटीमीटर रुंद पट्टी चिरेवर ठेवा. आयर्न जाळीवर सपाट दाबा आणि थांबा. दोन-तीन सेकंदांत जाळीच्या भोकांतून काळं प्लास्टिक मोहरीच्या दाण्यांसारखं वर येतं. तेच हवं असतं. आयर्न उचला आणि गार चमच्याच्या पाठीने ती जागा दाबून धरा, नाहीतर जाळी पुन्हा वर उचलते. असं बोटभर-बोटभर पुढे सरका. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक वितळत नसून जळतंय, आणि जळलेलं प्लास्टिक ठिसूळ असतं. आयर्न क्षणभर बाजूला घ्या. हे काम ओसरीत किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावं. लहान मुलं जवळ नकोत.

जाळी बसल्यावर तिच्यावर पीपीची पट्टी धरून वितळवा. पट्टी आणि खालचं पॅनल, दोन्ही एकाच वेळी ओलसर चमकले पाहिजेत. फक्त पट्टी वितळली तर ती वर नुसती टेकलेली राहते. १५ मिनिटं गार होऊ द्या, मग पॅनल हातात धरून किंचित वाकवा. कट् असा आवाज आला तर ती जागा उकरून पुन्हा करा.

दर्शनी बाजूला चिरेची रेघ राहते. तिच्यावर पॉलिश पेपर फिरवू नका, कारण पॅनलचा खरखरीत पोत गेला की तिथे पांढुरका डाग कायमचा दिसतो. रेघ खुपतच असेल तर सीट कव्हरवाल्याकडून पूर्ण पॅनलवर रेक्झिन चढवून घ्या.

क्लिपचं घर

क्लिप ज्या छोट्या चौकोनी उंचवट्यात सरकवलेली असते, ते तिचं घर. चिरेपेक्षा हे काम नाजूक, कारण जागा दोन मिलिमीटर हलली तरी क्लिप सांगाड्याच्या भोकासमोर येत नाही.

तुकडा जपून ठेवला असेल तर तो मूळ जागी बसवून चारही पायथ्यांना टाके द्या. मग जाळीचे चार छोटे तुकडे काटकोनात वाकवा, अर्धा घराच्या भिंतीवर आणि अर्धा पॅनलवर, आणि दाबून वितळवा. क्लिप सरकवायच्या खाचेत प्लास्टिक ओघळू देऊ नका. काम चालू असताना तिथे बांबूची चपटी काडी घालून ठेवा. गार झाल्यावर काडी निघते.

तुकडा हरवला असेल तर कबाड्याकडच्या दुसऱ्या पीपी पॅनलचं घर पायथ्यासकट कापून आणा. जागा ठरवायची रीत अशी: सांगाड्याच्या भोकात क्लिप बसवा, तिच्या मागच्या डोक्यावर ओला खडू लावा, पॅनल वरच्या हुकांवर टांगून खालून दाबा. खडूचा ठिपका पॅनलवर उमटतो. तोच घराचा मध्य.

याऐवजी पॅनलमधून थेट आत स्क्रू मारायचा मोह होतो. मारू नका. आत स्प्रिंगा, वायरी आणि काही गाड्यांत एअरबॅग असते. वरून पत्र्याचा तुकडा ठोकणं तर साफ चुकीचं. जोरात ब्रेक लागला की मागे बसलेल्या पोराचं तोंड नेमकं तिथेच आदळतं.

एबीएस आणि पुठ्ठ्याची पॅनलं

एबीएस एसीटोनमध्ये विरघळतं. त्याच पॅनलच्या आतल्या रिबचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घाला, तुकडे बुडून वर बोटभर राहील इतकं एसीटोन ओता, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी घट्ट दह्यासारखा लगदा होतो. तो चिरेत आतून भरा, वर जाळी, तिच्यावर पुन्हा लगदा. २४ तास हात लावू नका. एसीटोन चटकन पेट घेतं. चूल, बिडी आणि गरम आयर्न दूर ठेवा. नखांचं रिमूव्हर वापरू नका, त्यात पाणी आणि तेल असतं, काहींत तर एसीटोनच नसतं. ही रीत पीपीवर अजिबात चालत नाही.

जुन्या गाड्यांत रेक्झिन चढवलेला पुठ्ठा असतो. पावसाळ्यात तो फुगला की दुरुस्ती नाही. जुना पुठ्ठा साचा म्हणून ठेवून ३ मिमी प्लाय कापा, कडा घासा, दोन्ही बाजूंनी वॉर्निश लावा आणि रबरी सोल्यूशनने रेक्झिन चढवा. सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर लावून १०–१५ मिनिटं, बोटाला तार सुटेनाशी होईपर्यंत थांबायचं. ओलं असतानाच चिकटवलं तर उन्हात बुडबुडे येतात.

परत बसवताना

नव्या क्लिपा आधी पॅनलच्या घरांत सरकवा. वरचे हुक अडकवा, पॅनल खाली सोडा, प्रत्येक क्लिप भोकासमोर आली आहे का ते बाजूने वाकून पाहा आणि मगच तळहाताने थोपटा. एखादी बसत नसेल तर जोर वाढवू नका, ती वाकडी शिरतेय. बॅटरीची तार काढली असेल तर जोडा, गाडी सुरू करून एअरबॅगचा दिवा विझतोय का ते पाहा. सीट पूर्ण मागे पाडून, पुढे-मागे सरकवून पॅनल कुठे घासत नाही ना ते बघा. मग गाडी एक दिवस उन्हात उभी राहू द्या आणि संध्याकाळी खालचे दोन्ही कोपरे बोटाने चाचपा. कोपरा सुटला असेल तर त्या क्लिपचं घर जागेवरून सरकलं आहे. खडूच्या ठिपक्यापासून ते काम पुन्हा करावं लागेल.