अमेरिकेत रात्री ड्रोन उडवून फोटो काढायचेत? आधी हे वाचा

न्यू जर्सीत नवीन आलेली बरीच मुलं विचारतात की रात्री ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागते का. सरळ उत्तर देते, आता नाही लागत. २०२१ च्या एप्रिलपर्यंत पार्ट १०७ वाल्यांना (म्हणजे हॉबीपलीकडच्या कामासाठी लायसन्स घेऊन ड्रोन उडवणाऱ्यांना) रात्रीसाठी एफएएकडून, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडून, वेवर (नियमातून खास सूट) घ्यावा लागायचा, २१ एप्रिल २०२१ पासून ती भानगड संपली. यूट्यूबवर जुने व्हिडिओ अजून फिरतायत, ते बघून लोक उगाच घाबरतात. पण परवानगी सोपी झाली म्हणजे रात्रीचं उडवणं सोपं झालं असं नाही, खरी तयारी दिवसाउजेडीच करावी लागते आणि नवीन लोक नेमकं तेच टाळतात.

आधी एक गैरसमज. "मी पैसे घेत नाही म्हणजे मी हॉबीवाला" असं बहुतेकांना वाटतं, पण एफएए पैसे बघत नाही, उडवण्याचा हेतू बघते. स्वतःच्या मजेसाठी उडवलंत तर हॉबी, त्याला ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन टेस्ट पुरते. पण मित्राचं घर विकायचंय म्हणून त्याला संध्याकाळचे फोटो काढून दिले किंवा मंडळाच्या गणपतीचा व्हिडिओ सेवा म्हणून केला, तरी ते पार्ट १०७ मध्ये येतं. आणि मंडळाचा विषय निघालाय तर सांगते, मिरवणुकीतल्या लोकांच्या डोक्यावरून ड्रोन नेऊ नका. उघडी पाती असलेला नेहमीचा छोटा ड्रोनसुद्धा लोकांवरून उडवण्याच्या नियमात बसत नाही. बाजूला उभं राहून तिरका शॉट घ्या, ढोलताशा तसाच जास्त छान दिसतो.

पार्ट १०७ च्या लायसन्ससाठी परीक्षा असते, तिचं फार टेन्शन घेऊ नका. ६० प्रश्न, २ तास, ७० टक्के लागतात, फी १७५ डॉलर, लायसन्ससाठी वय १६ पूर्ण हवं. नापास झालात तर १४ दिवसांनी परत देता येते, फी मात्र परत भरावी लागते. अर्धा जीव सेक्शनल चार्टमध्ये (वैमानिकांच्या हवाई नकाशात) जातो, त्यामुळे नकाशावर एखादं बोट ठेवून "इथे कुठली एअरस्पेस, किती फुटापर्यंत" हे स्वतःला विचारत राहायची सवय लावा. मेटार (विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल) वाचायला शिका. पुढे दर २४ महिन्यांनी ऑनलाइन रिफ्रेशर असतो, तो फुकट आहे.

अभ्यासात रात्रीचा जो भाग आहे तो लोक पाठ करतात आणि विसरतात, मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि एकदा मोबाईलचा पांढरा स्क्रीन बघितला की ती सगळी मेहनत वाया. म्हणून कंट्रोलरचा ब्राइटनेस कमी ठेवायचा. अंधारात वस्तू थेट बघितली तर नीट दिसत नाही, थोडं बाजूला बघायचं. काळ्या आकाशात एकाच दिव्याकडे टक लावून बघत राहिलं की तो दिवा आपोआप सरकतोय असं वाटायला लागतं, ड्रोन जागेवर असतो आणि आपण स्टिक हलवतो. म्हणून नजर फिरती ठेवा. मी नवऱ्याला शेजारी उभं करते, त्याचं काम फक्त ड्रोन आणि आजूबाजूचं आकाश बघणं, स्क्रीन बघायचा नाही.

आता दिवा. ड्रोनला कंपनीचे जे लुकलुकणारे एलईडी असतात ते चालतील असं गृहीत धरू नका, नियम ३ मैलांवरून दिसेल अशा अँटी-कोलिजन लाइटचा (टक्कर टाळण्यासाठीच्या दिव्याचा) आहे. वेगळा छोटा स्ट्रोब, म्हणजे जोरात लुकलुकणारा दिवा मिळतो, तो चिकटवायचा. पण २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर स्ट्रोब चढला की वजन २५० च्या वर जातं, मग हॉबीवाल्यांनाही रजिस्ट्रेशन आणि रिमोट आयडी (उडताना ड्रोनची ओळख आणि जागा प्रसारित करणारी सोय) दोन्ही लागतं. पार्ट १०७ मध्ये तर वजन कितीही असो, दोन्ही लागतंच. स्ट्रोब वरच्या बाजूला, मागे लावा, खाली किंवा पुढे लावला तर प्रत्येक लाँग एक्स्पोजरमध्ये पांढरा झोत येतो. आणि सूर्यास्तानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातही हा लाइट लागतो हे लक्षात ठेवा, कारण फोटोला खरी मजा तेव्हाच असते, आकाश निळं आणि खाली शहराचे दिवे लागलेले. पूर्ण काळोख झाला की छोट्या सेन्सरला फार काही मिळत नाही.

जागा दिवसा जाऊन बघाच. विजेच्या तारा, टॉवर, झाडांची टोकं सगळं तेव्हाच दिसतं, कारण रात्री बहुतेक ड्रोनचे अडथळा ओळखणारे सेन्सर आंधळेच असतात. सगळ्यात उंच वस्तू बघून रिटर्न-टू-होमची (ड्रोन आपोआप परत येण्याची) उंची तिच्यावर ठेवायची. उतरायची जागा उजेडात हवी, लँडिंग पॅडजवळ एक छोटा कंदील ठेवला तरी पुरतो. सेटिंग म्हणाल तर रॉ, आयएसओ १०० ते ४००, शटर अर्धा ते दोन सेकंद, व्हाइट बॅलन्स ऑटो नको. वारा असेल तर एकाच फ्रेमचे पाच-सहा काढा, एखादा तरी शार्प निघतो. डिसेंबर-जानेवारीत बॅटरी खिशात गरम ठेवा.

सगळ्यांना हडसनच्या किनाऱ्यावरून मॅनहॅटन हवं असतं, पण सुरुवात तिथून करू नका. एकीकडे न्यूअर्कचा विमानतळ, दुसरीकडे टेटरबरोचा, मधे नदीवरून खाली उडणारी हेलिकॉप्टरं. न्यूयॉर्क शहरात परमिटशिवाय ड्रोन उडवता-उतरवता येत नाही, न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांत बंदी आहे आणि नॅशनल पार्कांत तर २०१४ पासून. कंट्रोल्ड एअरस्पेस (विमानतळाजवळची नियंत्रित हवाई हद्द) असेल तर अ‍ॅपवरून लॅन्कची, म्हणजे एफएएच्या ऑनलाइन यंत्रणेची परवानगी मिळते, रात्रीचीसुद्धा, बऱ्याचदा काही सेकंदात. निघायच्या आधी टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) बघायचाच. २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीत आकाशात दिवे दिसतायत म्हणून केवढा गोंधळ झाला होता, तेव्हा एफएएने राज्यात बऱ्याच ठिकाणी महिनाभर ड्रोनबंदी घातली होती.

एफ-१ किंवा एच-१बी वर असाल तर लायसन्स खुशाल काढा, नागरिकत्व लागत नाही, पण त्यावर पैसे कमवणं हा व्हिसाचा प्रश्न आहे, तो आधी डीएसओला (कॉलेजमधल्या विद्यार्थी व्हिसा अधिकाऱ्याला) किंवा वकिलाला विचारा. आणि सुट्टीत भारतात जाताना ड्रोन बॅगेत टाकू नका, फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, कस्टम्समध्ये हातचा जाईल.

रात्री कुणी ना कुणी पोलिसांना फोन करतंच. सर्टिफिकेट आणि आयडी खिशात, रजिस्ट्रेशन आणि लॅन्कचा मेसेज फोनमध्ये सेव्ह. ऑफिसर आला तर त्याला सांगून आधी ड्रोन खाली उतरवा, मग सगळं दाखवा.