टेक्सासमधलं पार्किंग: निळी जागा, तिरके पट्टे आणि माजी सैनिकांच्या नंबर प्लेट

टेक्सासमध्ये नवीन आलेल्या आपल्या मंडळींना लायसन्स, इन्शुरन्स, टोल टॅग यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पार्किंगमधल्या राखीव जागांबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलचं पार्किंग भरलं की आपल्याच माणसांच्या गाड्या नको तिथे उभ्या दिसतात.

व्हीलचेअरचं चिन्ह असलेल्या निळ्या जागेत सहसा कुणी मुद्दाम घुसत नाही. गफलत होते ती शेजारच्या तिरक्या पट्ट्यांवर. जागा मोकळी दिसते, गाडी मावते, काम दोन मिनिटांचं असतं. पण ते पट्टे निळ्या जागेचाच भाग आहेत. केंद्रीय कायद्याप्रमाणे त्यांची रुंदी किमान 5 फूट लागते, आणि व्हॅनसाठीची मुख्य जागा 8 फुटांचीच असेल तर पट्टेही 8 फूट हवेत. एवढी जागा कशाला, ते आमच्या शेजाऱ्यांना बघून कळतं. ते माजी सैनिक आहेत, स्वतः व्हॅन चालवतात. बाजूचा दरवाजा सरकतो, आतून रॅम्प बाहेर येऊन जमिनीला टेकतो, त्यांची व्हीलचेअर उतरते आणि मग ती वळवायलाही जागा लागते. ते दुकानात असताना तुम्ही पट्ट्यांवर गाडी लावलीत, तर त्यांना स्वतःच्याच गाडीत चढता येत नाही. तुम्ही परत येईपर्यंत ऑगस्टच्या उन्हात ताटकळत बसावं लागतं. म्हणून इंजिन चालू ठेवूनसुद्धा तिथे थांबू नका. पट्टे अडवणं हाही गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 500 ते 750 डॉलर दंड होतो.

आता नंबर प्लेटबद्दल. ‘डिसेबल्ड व्हेटरन’ लिहिलेली प्लेट इथे बऱ्याच गाड्यांवर दिसेल. सैन्यातल्या सेवेमुळे आलेलं अपंगत्व 50 टक्के किंवा जास्त ठरलं असेल, तर ती मिळते. पाय कापावा लागला असेल तर 40 टक्के पुरतात. ही टक्केवारी व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं केंद्रीय खातं ठरवतं. तिच्यात कमी ऐकू येणं धरतात, युद्धाचा मनावर झालेला आघातही धरतात. म्हणजे टक्के मोठे असले तरी चालायला अडचण असेलच असं नाही. म्हणूनच 2022 पासून टेक्सासमध्ये नुसत्या या प्लेटवर निळ्या जागेत गाडी लावता येत नाही. प्लेटवर व्हीलचेअरचं चिन्ह हवं किंवा आरशाला टांगायचं प्लॅकार्ड, म्हणजे अपंगत्वाच्या परवान्याचं कार्ड हवं. नगरपालिकेच्या मीटरची माफी मात्र या प्लेटला आजही आहे. मला हा बदल रास्त वाटतो. 25 गाड्यांपर्यंतच्या पार्किंगमध्ये अशी एकच निळी जागा कायद्याने सक्तीची असते. ती ज्याला पाऊल टाकणं जड जातं त्यालाच मिळायला हवी.

पण प्लॅकार्ड लावून उतरलेला माणूस धडधाकट दिसला म्हणून त्याच्याकडे रोखून बघू नका. पँटच्या आत कृत्रिम पाय असू शकतो. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या विकारामुळेही प्लॅकार्ड मिळतं. काही दुकानांसमोर ‘माजी सैनिकांसाठी राखीव’ अशी वेगळी पाटी असते. ती दुकानदाराने आदरापोटी लावलेली असते, व्हीलचेअरच्या चिन्हाशी तिचा संबंध नाही. तरी तीही जागा सोडून द्या.

हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. ग्रीन कार्डवर असलेल्यांना अमेरिकन सैन्यात भरती होता येतं, आणि आपल्या घरांतली मुलंही जातात. तुमचं मूल सेवेत जखमी होऊन परतलं, तर आधी व्हीएकडे दावा दाखल करायचा. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, माजी सैनिकांसाठी अधिकारी असतो, तो हे काम फुकट करतो. टक्केवारीचं पत्र हातात आलं की प्लेटचा अर्ज करायचा, आणि चालण्याची अडचण असेल तर त्याच वेळी व्हीलचेअरचं चिन्ह मागून घ्यायचं.

आणि तुमच्याकडे राहणाऱ्या आईबाबांचं? गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांनाही प्लॅकार्ड मिळू शकतं, सैन्याशी संबंध लागत नाही. न थांबता 200 फूट चालता येत नसेल, तर डॉक्टरांशी जरूर बोला. फॉर्मवर डॉक्टरांची सही नोटराइज करून लागते, नाहीतर त्यांचं मूळ प्रिस्क्रिप्शन जोडायचं. अर्ज काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जातो. तात्पुरतं लाल प्लॅकार्ड 5 डॉलरला मिळतं आणि जास्तीत जास्त सहा महिने चालतं. कायमचं निळं फुकट असतं, पण दर चार वर्षांनी नवं करावं लागतं.

प्लॅकार्ड माणसाचं असतं, गाडीचं नव्हे. आई मुलीच्या गाडीतून जाणार असेल, तर ते त्या गाडीत लावा, दुसऱ्या राज्यात गेलात तरी चालतं. आई घरी आणि तुम्ही तिच्या प्लॅकार्डवर किराणा आणायला, असं मात्र अजिबात करू नका; त्यालाही दंड आहे. गाडी लावल्यावर ते आरशाला टांगायचं आणि निघताना काढून ठेवायचं.