पॅनिक अटॅकसाठी गोळी सुरू करावी का, हे कसं ठरवायचं

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या माझ्या टेबलाच्या खणात अकरा दिवस पडून होत्या. रोज रात्री खण उघडायचा, आतला घडीचा कागद काढायचा, दुष्परिणामांची यादी वाचायची, आणि यादीनेच धडधड वाढली की खण लावून टाकायचा. तेव्हा आधी हे सांगते: तो कागद रात्री एकटीने वाचायचा नसतो. दिवसा, डॉक्टरांसमोर, बोट ठेवून विचारायचा असतो.

मी गणित शिकवते. पहिला अटॅक फळ्यापाशी आला. अंश लिहिला, रेघ ओढली, आणि छेद लिहायला हातच उठेना. हातपाय गार, छातीत धडधड, आता आपण मुलांसमोर मरणार अशी खात्री. त्यानंतर दोन वर्षं मी मन घट्ट करण्यात घालवली. मन काही घट्ट झालं नाही, फक्त माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आला.

गोळीचा विचार करण्याआधी हे पॅनिकच आहे ना, याची खात्री करून घ्या. छातीत दुखणं, दम लागणं पहिल्यांदाच होत असेल तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, तपासून घ्या. ईसीजी, थायरॉईडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर एवढ्या साध्या तपासण्यांत बरंच कळतं. थायरॉईडचं काम वाढलं असेल तर धडधड, थरथर, घाम हे सगळं पॅनिकसारखंच होतं. दम्याच्या पंपाने आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही छाती धडधडते. कॉफीचाही हिशोब करा. मी दिवसाला तीन कप सांगत होते, मोजले तेव्हा पाच निघाले.

मग वही. माझी चौकटींची होती, सवयीने. तारीख, वेळ, कुठे होते, किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना "त्या भीतीने काय टाळलं". अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग ओसरतो. घड्याळ लावून पाहिलं तेव्हा हे मला पटलं. सहा आठवड्यांत माझे अटॅक नऊ झाले. टाळलेल्या गोष्टी एकतीस. लिफ्ट, बँकेची रांग, भाचीचं नाटक, पालकसभा. माझ्या मते गोळीचा निर्णय या शेवटच्या रकान्यावर करावा. अटॅक किती भयंकर होता हे प्रत्येकालाच वाटतं. त्याने आयुष्यातलं काय काय उचलून नेलं, ते मोजता येतं.

गोळी हा एकच रस्ता नाही. सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत पॅनिकवर चांगलं काम करते, आणि त्रास बेताचा असेल तर बरेच डॉक्टर आधी तीच सुचवतात. त्यात धडधड मुद्दाम आणायची असते: जिने भराभर चढा, जागच्या जागी गरगर फिरा, आणि काही होत नाही हे शरीराला दाखवा. मी तीनदा वेळ घेतली आणि तीनदा रद्द केली. चौथ्यांदा समुपदेशक बाई म्हणाल्या, "तुम्हाला पोहायला शिकवायचंय, पण तुम्ही काठावरही येत नाही आहात. आधी काठापर्यंत यायला काही मदत घ्यायची का?" माझ्यासाठी गोळीचं काम एवढंच होतं, काठापर्यंत आणणं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना एक कागद लिहून न्या, कारण तिथे बसल्यावर काही आठवत नाही. चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा, दुखण्याच्या, मायग्रेनच्या आणि झाडपाल्याच्या औषधांसकट. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, ट्रिप्टान जातीच्या मायग्रेनच्या गोळ्या, सेंट जॉन्स वर्ट हे झाडपाल्याचं औषध, यांचं पॅनिकसाठी देतात त्या नैराश्याच्या गोळ्यांशी (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) जमत नाही. त्या आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसोबत घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. घरात कुणाला बायपोलर आजार (मन कधी फार खिन्न, कधी फार उत्तेजित) असेल तर तेही सांगा, कारण अशा माणसात नैराश्याच्या गोळ्यांनी मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. गरोदरपण किंवा त्याचा विचार, दमा, यकृत, किडनी. आणि दारू, खरी किती ती.

मी पहिल्या भेटीत एक गोष्ट लपवली. नणंदेच्या डब्यातली अल्प्राझोलाम, मन लगेच शांत करणारी गोळी, मी अधूनमधून अर्धी घेत होते. दुसऱ्या भेटीत सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त "आठवड्यातून किती वेळा?" म्हणून पेन उघडलं. ते आधीच सांगायला हवं होतं, कारण पुढचा सगळा बेत त्यावर अवलंबून असतो.

इथे दोन जातींची गोळी वेगळी करून समजून घ्या, लोक फार गल्लत करतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या बेन्झोडायझेपिन जातीच्या. अर्ध्या-एक तासात मन शांत करतात, म्हणूनच आवडतात. "सवय लागते" ही भीती यांच्या बाबतीत खरी आहे. रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच शरीर त्यांना धरून बसतं, आणि अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. दारू किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामकांसोबत घेतल्या तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. गाडी चालवायची असेल तर नकोच, आणि वयस्कर माणसं यांनी पडतात. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात ते ठीक. नणंदेचा डबा ठीक नाही.

दुसऱ्या एसएसआरआय, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन वगैरे. यांना नैराश्याच्या गोळ्या म्हणतात म्हणून मी बिथरले होते, "मला नैराश्य कुठे आहे?" पण पॅनिकसाठी बहुधा सुरुवात यांच्यापासूनच होते. यांची नशा होत नाही, मात्र फळ मिळायला दोन ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या दिवसांत मळमळ, पातळ जुलाब, झोप बिघडणं, आणि बहुतेकांना कुणी सांगत नाही ते म्हणजे घाबरेपणा थोडा वाढणं. म्हणून पॅनिकमध्ये डोस नेहमीपेक्षा कमी धरतात, जसं सर्ट्रालिन 25 मिलिग्रॅम किंवा एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅम, आणि मग चढवत नेतात. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. लाजून गप्प बसू नका. डोस किंवा गोळी बदलता येते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं. असा विचार कुठल्याही वयात आला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर किंवा इस्पितळ.

डॉक्टरांना मी विचारलेले प्रश्न हे होते: किती दिवसांनी फरक दिसावा? नाही दिसला तर पुढे काय? रात्री घाबरले तर फोन कुणाला? एखादा दिवस चुकला तर काय करायचं? आणि बंद कधी, कशी करायची? शेवटचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. माझी निम्मी भीती "आता जन्मभर" या शब्दांची होती.

बाराव्या दिवशी मी गोळी सुरीने अर्धी करायला घेतली. एक अर्धा नीट निघाला, दुसऱ्याचा ओट्यावर भुगा झाला. (औषधाच्या दुकानात गोळी कापायची डबी मिळते, हे नंतर कळलं. सगळ्याच गोळ्या कापायच्या नसतात, तेही विचारून घ्या.) चौथ्या दिवशी इतकी तगमग झाली की मी बंद करणारच होते. फोन केला. डॉक्टरांनी अर्ध्यावरच आणखी आठवडाभर थांबवलं आणि गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितली. तो फोन केला नसता तर "मला गोळ्या सोसत नाहीत" असं मी आजवर सांगत फिरले असते.

वही चालूच ठेवा. फरक आतून कळत नाही, कागदावर कळतो. सहाव्या आठवड्यात मी लिफ्टमध्ये उभी होते आणि भिंतीवर "क्षमता 6 माणसे, 408 किलो" वाचून मनात भागाकार करत होते. 68. तिसरा मजला आला. मग लक्षात आलं की मी लिफ्टमध्ये आहे. अटॅक पूर्ण थांबले नव्हते, त्या महिन्यात दोन आले. पण टाळलेल्या गोष्टी चारच होत्या, आणि समुपदेशक बाईंकडचे जिने मी चढायला लागले होते.

बरं वाटल्यावर लगेच सोडायचा मोह होतो. सहसा बरं वाटल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग पायरीपायरीने उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन (एसएसआरआयच्या जवळची दुसरी गोळी) यांना हे जास्त. हा त्रास म्हणजे आजार परत आला असं समजून लोक पुन्हा घाबरतात. माझं वर्ष नुकतंच पूर्ण झालं. डॉक्टरांनी विचारलं, कमी करायला कधी सुरुवात करू या? मी म्हटलं, परीक्षेचे पेपर तपासून होऊ देत.